झाडूराजाची बॅटरी

"घड्याळ खोटं बोलत नाही! खोटं बोलतो तो माणूस!"

खर्डेकरसाहेबांनी टेबलावर थाप मारली आणि स्वतःचं मनगट द्वारकाच्या नाकासमोर धरलं. "बघ. सकाळी साडेनवाला घातलंय. आता साडेपाच झाले. बॅटरी किती? बहात्तर टक्के! आणि तुझं म्हणे अकराला मान टाकतं."

"टाकतंय सायेब," द्वारका म्हणाली. "आईच्यान टाकतंय. घरनं शंभर भरून आणते मी."

"तीच कंपनी, तेच घड्याळ. मग तुझ्याच हातात त्याला काय साप चावतो?"

द्वारकाने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

खर्डेकर म्हणजे आमच्या नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक. मी, इंदुमती अवघडे, त्यांच्या हाताखालची मुकादम. आणि द्वारका वायदंडे माझ्या हाताखालची झाडूवाली, तेरा वर्षं हंगामी. साहेब दिवसातून दोनदा खुर्चीवरून उठायचे, एकदा डबा खायला आणि एकदा घरी जायला. अशा माणसाच्या मनगटावर घड्याळाला दमायला झालंय काय? पण हे मला आज सुचतं. त्या दिवशी मला वाटलं, बाई सोंग करतेय.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. स्मार्ट घड्याळ हे तेव्हा आमच्याकडे नवं खूळ होतं. मुख्याधिकारी कुठल्याशा शहरात बैठकीला गेले, तिथे त्यांनी ते बघितलं, आणि महिन्याभरात आमच्या एकशे चाळीस माणसांच्या हातात ते आलं. माणूस कुठे आहे, किती वाजता आहे, हे म्हणे ते घड्याळ उपग्रहाला विचारून कचेरीतल्या पडद्यावर दाखवणार. हजेरी सहा ते दोन. दोनच्या आत घड्याळ बंद पडलं, तर त्या दिवशी माणूस गैरहजर. मग तुमचा झाडू रस्त्यावर असो, तुम्ही रस्त्यावर असा, तुमचा घाम रस्त्यावर असो. ज्या शहरात गटाराची झाकणं मोजायला माणूस मिळत नव्हता, तिथे झाडूवाल्यांवर आकाशातून नजर ठेवायची सोय झाली. उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकलं होतं, आमचे साहेब उपग्रहावरून हाकायला निघाले.

आणि त्या घड्याळावर झाडूराजा होता. हा झाडूराजा खर्डेकरसाहेबांच्या मेहुण्याने काढलेला. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर पिवळाधमक सूर्य, त्यापुढे डोक्यावर मुकुट घातलेला एक झाडू. त्याला दोन डोळे, मिशा आणि हसरं तोंड. तो डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सारखा झाडत असायचा, मध्येच एक डोळा मिचकावायचा, आणि खाली 'आपलं शहर, आपला अभिमान' ही अक्षरं सरकायची. वेळ कुठे होती, तर कोपऱ्यात, मुंगीएवढी. हात वर केला की पडदा आपोआप उजळायचा आणि झाडूराजा कामाला लागायचा. मुख्याधिकाऱ्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं, पेढे वाटले होते. सगळ्या शहरात तेवढाच एक झाडू असा होता की ज्याला कधी धूळ लागली नाही.

पहिला महिना संपल्यावर साहेबांनी 'आदर्श हजेरी'ची प्रमाणपत्रं वाटली. ज्याचं घड्याळ महिनाभर एकदाही बंद पडलं नाही, त्याला. पहिला आला बबन लादे. हा बबन नेमून दिलेल्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर सहाला येऊन बसायचा आणि दोनला उठायचा, हाताची घडी घालून. उपग्रहाला काय, माणूस रस्त्यावर आहे एवढं दिसलं की झालं. आंधळं दळत होतं आणि बबन पीठ खात होता. दुसरी आले मी. मी ते प्रमाणपत्र चौकट करून घरी लावलं. बबनला नावं ठेवत घरी आले आणि स्वतःच्या प्रमाणपत्राला खिळा ठोकला, यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही.

गैरहजेऱ्या धरायला लागले ते पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेपासून, आणि बारा तारखेपर्यंत द्वारकाच्या नावावर चार लागल्या होत्या. नियम असा की महिन्यात पाच झाल्या, की हंगामी माणसाचं नाव कायम करायच्या यादीतून बाद. आणि यादी त्याच महिनाअखेर सभेपुढे जायची होती. तेरा वर्षांनी पहिल्यांदा द्वारकाचं नाव त्या यादीत आलं होतं.

तेरा तारखेला सकाळी ती माझ्या चौकीवर आली. चौकी म्हणजे मंडईमागची पत्र्याची खोली. तिथे मी खुर्ची टाकून बसायचे आणि माणसांच्या नावापुढे खुणा करायचे.

"बाई, घड्याळाचं कळलंय मला," ती म्हणाली. "हात हलला की त्यो डोळं उघडतोय."

"कोण?"

"त्यो मेला झाडूराजा. ह्ये बगा." तिने खोलीतच एकदा झाडू ओढला. मनगटावर पडदा उजळला, सूर्य चमकला, मुकुट हलला. पडदा विझायच्या आत तिने दुसऱ्यांदा ओढला. पुन्हा उजेड. "मी झाडते तवर ह्यो जागाच ऱ्हातोय. सायबाचा हात टेबलावर निजलेला असतोय, त्याचा झोपतोय. म्हणून त्येची बॅटरी पुरती."

सातवी शिकलेल्या बाईने मला घड्याळ समजावून सांगावं, हे मला झोंबलं. मी दहावी पास. त्या दहावीवरच मी मुकादम झाले होते, आणि झाल्यापासून नऊ वर्षांत झाडूला हात लावला नव्हता. आम्ही दोघी एकाच वस्तीतल्या, पाण्याच्या टाकीमागच्या. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला पहिला झाडू मीच धरायला शिकवला होता.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणाले. "रात्री चार्जिंगला लावायला विसरायचं आणि बोट चित्राकडे दाखवायचं. शंभर जणांना तेच घड्याळ दिलंय."

"शंभरातल्या किती जणी कोपऱ्यातली घाण काडत्यात, तुमाला ठावं न्हाई व्हय? जी नुसता रस्ता कुरवाळती, तिची पुरती."

"तोंड सांभाळ."

"तोंड सांभाळूनच ऱ्हायलेय बाई, तेरा वर्सं." ती थोडी वाकून उभी होती, एक हात पोटाशी. तिला आंतडं उतरायचा त्रास होता, दोन वर्षं जुना. डॉक्टर म्हणत होते शस्त्रक्रिया करा आणि दीड महिना पडून राहा. हंगामी बाई दीड महिना पडून राहिली तर उठल्यावर तिच्या जागी दुसरी असते. कायम झालं की आजारपणाची रजा मिळते, म्हणून ती पोटाला फडकं आवळून झाडत होती आणि यादीची वाट बघत होती. "खोटं वाटत आसंल तर तुमी झाडा की. तासभर. तुमच्याच घड्याळानं."

मी उठले ते रागाने. हिचं नाक ठेचायचं एवढंच मनात. तिचा झाडू हिसकावून घेतला आणि मंडईमागची गल्ली झाडायला घेतली. माझ्या घड्याळात तेव्हा सत्त्याण्णव टक्के होते. रोज त्या वेळी असायचे तेवढेच.

पहिल्या दहा मिनिटांत कंबर बोलायला लागली. कोबीचा पाला, कुजके टोमॅटो, त्यावर कुणीतरी ओतलेलं माशाचं पाणी. लोक मला बघून थांबत होते, मुकादमबाई झाडतेय म्हणून. मी मान खाली घालून ओढत राहिले. आणि प्रत्येक ओढीबरोबर तो मिशाळ झाडू माझ्या मनगटावर मुकुट हलवत डोळा मिचकावत होता. मी खरी झाडत होते आणि तो खोटा झाडत होता, आणि बॅटरी तो खात होता. दीड तासाने बघितलं, तर अडुसष्ट.

द्वारका पायरीवर बसली होती. तिने विचारलंसुद्धा नाही किती झाले म्हणून. माझ्या तोंडावर लिहिलं असणार.

द्वारकाची पाचवी लागू नये म्हणून त्या दिवशी तिला पुन्हा झाडू धरू दिला नाही, आणि दुपारी मी कचेरीत गेले. कंपनीने घड्याळांच्या देखभालीला ठेवलेला माणूस मागच्या खोलीत बसायचा. गजेंद्र पाठारे, पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, बोलताना सतत चष्मा पुसणारा. मी त्याला दीड तासाचा हिशेब सांगितला. त्याला जराही नवल वाटलं नाही.

"होणारच ना बाई," तो म्हणाला. "मनगट हललं की पडदा लागायची सेटिंग चालू आहे. त्यात हलतं चित्र, म्हणजे आतला प्रोसेसर राबतोय. त्यात पांढरा रंग. या पडद्यात जिथे काळं असतं ना, तिथे दिवेच लागत नाहीत. काळ्या तबकडीवर नुसते आकडे ठेवले, उजेड कमी केला, मनगटाची सेटिंग बंद केली, की हेच घड्याळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालेल."

"मग करत का नाही?"

त्याने चष्मा पुसला. "साहेबांचं चित्र आहे."

"साहेबांना सांगितलं?"

"कामाच्या अटींत लिहिलंय बाई, बोधचिन्ह सतत हलतं असावं. मी कोण सांगणारा? मला इथे पुढचं कामही मिळवायचंय." मग त्याने दार लोटून घेतलं आणि एका कपट्यावर चार आकडे लिहून माझ्याकडे सरकवले. "सेटिंगचा पासवर्ड. माझं नाव घेऊ नका म्हणजे झालं."

म्हणजे या गृहस्थाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाया रडत येत होत्या, हा ऐकत होता, वहीत 'तक्रार नोंदवली' असं लिहीत होता आणि चष्मा पुसत होता. इतका घाबरट माणूस मी जन्मात पाहिला नाही, असं मनात म्हणत मी बाहेर पडले. कपटा कनवटीला लावला.

त्याच संध्याकाळी द्वारकाच्या घरी जाऊन तिचं घड्याळ मी बदललं. झाडूराजा घालवला. काळी तबकडी, पांढरे आकडे, बस्स. मनगटाची सेटिंग बंद केली. आता वेळ बघायची तर कडेचं बटण दाबायचं. द्वारकाने ते दोनदा दाबून बघितलं.

"आता कसं घड्याळासारकं दिसतंय," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "सायबाला चालंल न्हवं?"

"मी आहे ना," मी म्हणाले.

माझ्या घड्याळावर मात्र मी झाडूराजा तसाच ठेवला. माझी बॅटरी पुरत होती.

चौदा तारखेपासून द्वारकाचं घड्याळ एकदाही बंद पडलं नाही. दोन वाजता चौकीवर येऊन ती बटण दाबायची आणि मला दाखवायची. चौसष्ट. सहासष्ट. एकदा एकाहत्तर. तिने दवाखान्यात जाऊन तारीखसुद्धा विचारून ठेवली. बाकीच्या बायांची घड्याळं अकरा-बाराला मरतच होती. त्यांचं मी काही केलं नाही. एकीचं केलं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

सत्तावीस तारखेला सकाळी मुख्याधिकारी अचानक मंडईत आले. सोबत पाहुणे, दुसऱ्या नगरपालिकेचे कुणी. खर्डेकरसाहेब पुढे पुढे करत होते. बाया ओळीत उभ्या केल्या.

"दाखवा आपला झाडूराजा पाहुण्यांना," मुख्याधिकारी म्हणाले. "सगळ्यांनी मनगटं वर करा."

एकवीस मनगटं वर झाली. वीस मनगटांवर सूर्य उगवला, मुकुट हलले, डोळे मिचकावले. पाहुणे हसले. आणि मध्ये एक मनगट काळंच राहिलं.

"हिचं बंद आहे का?" पाहुण्यांनी विचारलं.

द्वारका गडबडली. तिने चांगल्या मनाने बटण दाबलं. काळ्यावर पांढरे आकडे आले, सात वाजून चाळीस.

मुख्याधिकाऱ्यांनी खर्डेकरांकडे एकदा बघितलं आणि पाहुण्यांना घेऊन पुढे गेले. खर्डेकरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

अकराला आम्ही तिघं साहेबांच्या खोलीत उभे होतो. द्वारका, पाठारे आणि मी. साहेबांनी तिचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं, खुनातलं हत्यार ठेवावं तसं.

"शासकीय यंत्रात छेडछाड," ते म्हणाले. "याला नुसती गैरहजेरी म्हणत नाहीत. याला फसवणूक म्हणतात. पासवर्ड कसा मिळाला हिला? पाठारे?"

पाठारेने चष्मा पुसला. "कुठून तरी बघितला असेल, सर. या लोकांचं काय सांगावं."

"अवघडेबाई, तुमच्या वॉर्डातली बाई आहे. तुम्हाला काही माहीत?"

कपटा माझ्या कनवटीला होता. मला सांगता आलं असतं की साहेब, घड्याळात खोट आहे, मी स्वतः झाडून बघितलंय, दीड तासात एकोणतीस टक्के गेले. तुम्ही झाडू घ्या, तुमचेही जातील. चार वाक्यं होती, तोंडपाठ. पण निवृत्तीला चौदा महिने उरले होते. चौकशी लागली की निवृत्तिवेतन अडकतं, हे मी दुसऱ्यांचं झालेलं बघितलं होतं. मला भीती वाटली. दुसरं कारण नाही.

"नाही साहेब," मी म्हणाले. "मला काही कल्पना नाही."

खोलीत पंखा फिरत होता. साहेब द्वारकाकडे वळले. "कुणी बदललं हे? नाव सांग. नाव सांगितलंस तर तुझ्याबद्दल विचार करता येईल."

द्वारका माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, सावकाश बघत होती, कोपऱ्यात कचरा राहिलाय का ते बघावं तसं. मी टेबलावरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"माझं मीच केलं," ती म्हणाली.

साहेबांनी कागद ओढला. यादीतून नाव कमी, आणि पहिल्या तारखेपासून कामावर येऊ नये. तिने अंगठ्याऐवजी सही केली, हळूहळू, पूर्ण नावाची. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी केली.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या दिवाळीनंतर, आमचं बघून हीच घड्याळं घेतलेल्या पाहुण्यांच्या नगरपालिकेतून कुणीतरी पत्र पाठवून विचारलं, की तुमच्याकडे बॅटरी पुरते कशी, आमच्याकडे पुरत नाही. तेव्हा पाठारेला एकदम कंठ फुटला. आठवड्यात सगळ्या घड्याळांवर काळी तबकडी आली. खर्डेकरांनी ती स्वतःची सुधारणा म्हणून वर कळवली, आणि त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. द्वारकाची शस्त्रक्रिया शेवटी झाली ती आंतडं अडकल्यावर, रात्रीतून, सिव्हिलमध्ये. जगली. पण नंतर तिला जड काम झालं नाही. ती घरीच वाती वळायची. माझं निवृत्तिवेतन वेळेवर चालू झालं.

तर त्या दिवशी सही करून आम्ही दोघी बाहेर आलो. पाठारे मागच्या खोलीत पळाला होता. जिन्याशी मी तिचा दंड धरला. मला काहीतरी बोलायचं होतं.

"द्वारके," मी म्हणाले, "नाव घेतलं नाहीस माझं. तुझे उपकार मी..."

तिने दंड सोडवून घेतला.

"उपकार बिपकार काई न्हाई, बाई. सायबानं तुमाला इचारलं तवा मी बगत हुते, तुमी बोलताय का. बोलला असता तर नोकरी गेली तरी म्हणले असते, बाई आपली हाय. न्हाई बोलला." तिने पदर पोटाशी आवळला. "मग तुमचं नाव घिऊन मी माझं तोंड कशापायी इटाळू?"

आणि ती एक एक पायरी उतरत गेली.

विटाळ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो वरच्या आळीतून यायचा, आणि तो आला की माझी आई त्या आळीला शिव्या घालायची. आमच्या वस्तीतल्या माणसाने तो माझ्यासाठी वापरला तो त्या दिवशी पहिल्यांदा. त्यावर शिवी द्यायला माझ्याकडे कुणी नव्हतं.